कुत्र्यांचा पोळा

पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी न्यायचा मान आमच्या गावात आमच्या घराकडे आहे, आणि तो मान माझे यजमान पुंडलिकराव वर्षभर छाती काढून मिरवतात. घरची बैलजोडी केव्हाच गेली, नांगरणी आता ट्रॅक्टरनं होते. तरी पोळ्याला कुणाची तरी जोडी सजवून आणतील, पण पहिले जातील ते तेच. अशा माणसानं कुत्र्यांच्या लसीकरणाचं काम अंगावर घेतल्यावर जे व्हायचं तेच झालं. ते मी सांगणारच आहे, त्यांच्यादेखत सांगणार आहे. पण आधी घनश्यामचं सांगते, कारण सुरुवात त्याच्यापासून झाली.

घनश्यामचं घर आमच्या बरोबर समोर, मधे फक्त रस्ता. पोळा होऊन थोडे दिवस झाले असतील, तो मुकुटबनच्या बाजाराला गेला आणि भाजीच्या ओळीत एका कुत्र्यानं त्याची पोटरी धरली. कुत्रं पिसाळलेलं होतं. लोकांनी ते तिथंच संपवलं. घनश्यामनं जखम साबण लावून नळाखाली धुतली, दवाखान्यात गेला, इंजेक्शनं घेतली आणि एकही चुकवलं नाही. त्या बाबतीत शहाणा म्हटला पाहिजे. पाय बरा झाला, पण भीती काही उतरली नाही. झोपेत ओरडतो, असं त्याची बायको सांगायची. रस्त्यात कुत्रं दिसलं की हातात दगड.

भीती कुणालाही वाटेल, त्यात मी त्याला नावं ठेवत नाही. पण घाबरलेला माणूस गप्प बसत नाही, तो दुसऱ्यांनाही घाबरवतो. पारावर बसून बसून त्यानं अर्धं गाव आपल्या बाजूला वळवलं आणि ठरवून टाकलं, की गावातली सगळी कुत्री संपवायची. लाडवात विष घालून.

हे कानावर आलं तेव्हा मी झिपरीला भाकर घालत होते. झिपरी माझी कुत्री. माझी म्हणजे मी काही आणली नाही, तिनंच एका पावसाळ्यात माझा ओटा पसंत केला. सोयाबीनच्या शेंगा भरल्या की आमच्या शेतात रानडुकरांचे कळप उतरतात. तेव्हा पुंडलिकराव मचाणावर घोरत असतात आणि राखण झिपरी करते. दोनदा व्याली ती, आणि दोन्ही वेळा सगळी पिल्लं रक्ताच्या हगवणीनं गेली. शेवटचं पिल्लू थंड झाल्यावरही ती त्याला चाटत बसली होती, ते मला अजून बघवत नाही. या खेपेला पाच पिल्लं होती, दोन महिन्यांची, चांगली गुटगुटीत. लाडू रस्त्यात पडला असता तर झिपरीनं खाल्ला असता आणि पिल्लांनीही खाल्ला असता. झिपरीला बांधून ठेवलं असतं, पण किती दिवस? आणि पिल्लं तर माझी चप्पलसुद्धा खातात.

मी हात धुतले आणि नाहिदला फोन लावला.

नाहिद आमच्या जलालभाईंची मुलगी. जलालभाई गावच्या तोंडाशी ट्रॅक्टर आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतात. मी तीस वर्षं या गावची अंगणवाडी चालवली, आज मिशीला पीळ देत फिरणाऱ्या कितीकांची नाकं मी पुसली आहेत, पण सुईला नाहिदइतकं भिणारं पोर दुसरं पाहिलं नाही. नर्सबाई आली की ही ज्वारीच्या कोठीमागे. मग मी तिला ओढून काढायची, मांडीत घ्यायची, डोकं छातीशी धरायची आणि कानात सांगायची, "माह्या पोटात मांजर बोलते वं, आयक बरं." ती खरंच कान लावून ऐकायची. तेवढ्यात नर्सबाई काम उरकायची.

ती पोरगी आता जनावरांची डॉक्टर आहे. केळापूरकडे नेमणूक आहे तिची. आमच्या गावातून डॉक्टर झालेली पहिली मुलगी ती. लोक म्हणतात, जनावरांची का असेना. असं म्हणणाऱ्याची म्हैस अडली की फोन मात्र तिलाच जातो. मला तिचा इतका अभिमान आहे की बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही मी तिच्याबद्दल सांगते. पुंडलिकराव मग खिडकीबाहेर बघत बसतात.

ती शुक्रवारी संध्याकाळी आली. खांद्याला बॅग, हातात लशीचा निळा डबा, आत बर्फाच्या पिशव्या. घरी न जाता सरळ पारावर गेली आणि मी तिच्या मागे. घनश्याम तिथं होताच.

"जलालची पोरगी आली का? बरं झालं," तो म्हणाला. "मले काय झालतं ते तुले कोणी सांगतलं नसंन."

"सांगतलं भाऊ, म्हणूनच आली," नाहिद म्हणाली. "कुत्रे मारून काय होते? गाव रिकामं झालं का बाहेरचे येतात, आन् त्याइले लस टोचेल नसते. आपल्या कुत्र्याइले टोचलं, तर तेच बाहेरच्याले गावात पाय ठेवू देत नाई. दहातल्या सात-आठ कुत्र्याइले जरी टोचलं, तरी रोग पसरत नाई. आन् इष घालणं गुन्हा हाये, हे बी सांगून ठेवते."

घनश्यामनं पँट वर करून पोटरीवरचा वण दाखवला. "सात-आठ नाई चालत. मले चावलं ते एकच होतं."

मग पँट खाली सोडून त्यानं अट घातली. "तू रविवार रातपावतर सगळ्याइले टोच. सगळ्याइले. एक बी कुत्रं राह्यलं, तर सोमवारी सकाळी लाडू टाकतो. मंग पोलिसात जाय का कलेक्टरकडे जाय."

नाहिदनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. "मंजूर," ती म्हणाली. "सोमवारी मले ड्युटीवर जाणं हाये. त्याच्या आधी सगळ्याइले टोचतो आपण."

कोठीमागे लपणारी पोरगी पारावरच्या बाप्यांपुढे उभी राहून मंजूर म्हणते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ऊर भरून आला माझा. पण सगळ्या कुत्र्यांना धरायचं कसं हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

पुंडलिकरावांना मात्र ठाऊक होतं. त्यांना सगळं ठाऊक असतं.

"एकदम सोपं काम हाये," जेवताना ते म्हणाले. "पोळ्यात बैल कसे गोळा करतो आपण? तोरण बांधाचं. ज्यानं त्यानं आपलं जनावर दाव्यानं बांधून आणाचं, वळीनं उभं कराचं. डॉक्टरीन इकडून टोचत गेली का तिकडून मोकळी. कुत्र्याचा पोळा भरवू!"

"अवो," मी म्हटलं, "बैलाच्या बाजूले बैल उभा राहते. कुत्र्याच्या बाजूले कुत्रं उभं राह्यलेलं पाह्यलं काय तुम्ही कधी?"

"तू आपली अंगणवाडी पाह्य," ते म्हणाले. अंगणवाडीतून मी निवृत्त झाले हेही विसरले.

शनिवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून त्यांनी स्वतः पुकारा केला. आखरावर, म्हणजे गावची गुरं सकाळी गोळा होतात त्या मैदानावर, खरोखर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. एक चांगलं मात्र केलं त्यांनी. पोळ्याला बैलांच्या अंगावर ठसे उमटवायचा गेरू उरला होता, तो वाटीत कालवून आणला, म्हणजे टोचलेल्या कुत्र्याच्या कपाळाला टिळा लावता येईल आणि तेच कुत्रं दुसऱ्यांदा धरलं जाणार नाही.

बाप्ये आले. प्रत्येकाच्या हातात दावं, दाव्याच्या टोकाला कुत्रं. जन्मात ज्यांच्या गळ्यात दोरी पडली नाही अशी कुत्री ती. कुणी ओढत आणलं, कुणी पोत्यात घालून आणलं, एकानं तर कुत्र्याच्या गळ्यात बैलाची घुंगरमाळ घातली होती. पुंडलिकराव फेटा बांधून तोरणाखाली उभे. झिपरीला मी नेलं नाही. पुढं काय होणार ते मला दिसत होतं.

पहिली चार-पाच कुत्री नाहिदनं झपाट्यानं टोचली. मग माळी गल्लीचं कुत्रं बौद्धपुऱ्याच्या कुत्र्यावर गुरगुरलं. घुंगरमाळेचं कुत्रं स्वतःच्याच आवाजाला भिऊन गोल गोल फिरायला लागलं आणि त्याच्या दाव्यात तिघांचे पाय अडकले. पुढचं सांगायला नको. सगळं आखर भुंकत होतं, धूळ उडत होती, माणसं दावी सोडून पळत होती, आणि त्या गोंधळात कुणाच्या तरी दाव्यानं तोरणाचा बांबू उपटून पुंडलिकरावांच्या फेट्यावर घातला. आमचा पोळा भरायच्या आधीच फुटला.

त्यात एक थोराड पिवळं कुत्रं उसळून नाहिदच्या हातावर गेलं. तिच्या हातात सुई होती, मागे सरकायला जागा नव्हती. जलालभाई बाजूला उभे होते, नुकतीच अंघोळ करून पांढरा कुर्ता घालून आलेले. पाच वेळची नमाज कधी न चुकवणारा माणूस तो. कुत्र्याची लाळ लागलेल्या कपड्यात त्यांना नमाज चालत नाही, म्हणून नाहिद घरी आली की तिच्यासाठी नळाशी बादली आणि धुतलेले कपडे तेच काढून ठेवतात. त्या माणसानं झेप घेतली आणि ते कुत्रं मागून दोन्ही हातांनी कवटाळून धरलं. लाळ, धूळ, सगळं कुर्त्याला लागलं.

"अब्बा!" नाहिद ओरडली.

"कपडे क्या, धुऊन निंगते बेटा," ते धापा टाकत म्हणाले. "तू टोच आधी."

तिनं टोचलं. पण तेवढंच शेवटचं. बाकीची सगळी कुत्री शेतात, नाल्यात, जिकडे वाट मिळेल तिकडे गेली होती. घनश्याम लांब उभा राहून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. तो फक्त म्हणाला, "पाह्यलं ना?" आणि घरी गेला.

दुपारी नाहिद माझ्या ओट्यावर येऊन बसली. पिल्लं तिच्या ओढणीचं टोक चावत होती आणि तिचं लक्ष नव्हतं. पुंडलिकराव आत आरशात टेंगूळ बघत होते.

"काकू, मीच मंजूर म्हणून बसली," ती म्हणाली. "उद्याचा एकच दिवस राह्यला. आता तर दोरी दिसली का कुत्रे गावात नाई राह्यचे."

मला राग आला होता. तिचा नाही, सगळ्यांचा. रागात माझं डोकं बरं चालतं.

"आज कुत्रे कोणी आणले वं?" मी विचारलं.

"बाप्यांनी."

"आन् भाकर कोण टाकते त्याइले? बाप्ये टाकतात काय? ह्यांले तर आपल्या घरची भाकर कोणत्या टोपल्यात असते ते मालूम नाई. बाई टाकते. आपल्या दारात, आपल्या टाइमाले, आपल्या आवाजानं. मंग कुत्रं कोणाचं झालं?"

नाहिद माझ्याकडे बघत राहिली. आमच्या गावात कुत्र्याला मालक नसतो, दार असतं. कुणाच्या दारात 'आ तू तू' केलं की कुत्रं येतं, कुणी नुसतं चुकचुकतं, मागच्या गल्लीतल्या रजाकची बायको पितळी वाजवते, आणि एकीच्या आवाजावर दुसरीचं कुत्रं ढुंकूनही बघत नाही. नाहिदला हे लहानपणापासून माहीत होतं, मलाही होतं. पण तोरणाच्या नादात सगळ्यांच्या डोक्यातून गेलं होतं.

"म्हंजे कुत्र्याले आपल्याकडे आणाचंच नाई," नाहिद हळूच म्हणाली, आणि मग उठून उभीच राहिली. "आपण दारोदार जाचं! जेवणाच्या टाइमाले. बाईनं भाकर घालाची, डोक्यावर हात फिरवाचा, आन् मी मागून येऊन मानेवरची कातडी उचलली का झालं. दोरी नाई, फास नाई. काकू, सुई तर एवढीशी असते, खाता खाता त्याले समजत बी नाई."

त्या संध्याकाळीच आम्ही घरोघर सांगून आलो. एकीनंही नाही म्हटलं नाही. उलट, "आमच्या कुत्र्याले दोरीनं कायले नेलं, मले काहून नाई विचारलं," असं म्हणून नवऱ्यांवर तोंडसुख घेणाऱ्याच जास्त निघाल्या.

रविवारी सकाळी चुली पेटल्या तशा आम्ही निघालो. नाहिद, तिच्या खांद्याला डबा, मी, आणि मागून गेरूची वाटी घेऊन पुंडलिकराव. त्यांना मी सांगितलं होतं, की टिळा लावायचा मान घराण्यातल्या माणसालाच शोभतो. ते लगेच फेटा बांधून तयार झाले. काय करणार, टेंगूळही झाकायचं होतं.

कुत्री आली. काल पळालेली सगळी आली. बायांनी भाकरीचा काला ताटलीत ओतला, कुणी ताकात कुस्करून दिला, आणि प्रत्येकीनं आपल्या कुत्र्याचं डोकं असं धरलं की मला माझ्या अंगणवाडीतला लसीचा दिवस आठवला. आया ओळीनं बसलेल्या, पोरं मांडीवर, तशाच या. घुंगरमाळेच्या कुत्र्यानं तर सुई घेऊन वर शेपटी हलवली. नाहिदचे हात बघत राहावे असे चालत होते. कातडी उचलायची, सुई, बोट फिरवायचं, पुढचं दार. मी तिच्या मागून चालत होते आणि मला वाटत होतं, सगळ्या जिल्ह्यानं हे बघायला यावं.

झिपरी मात्र सुई बघून बिथरली. ती पिल्लांच्या आणि नाहिदच्या मधे आली आणि दात दाखवले. माझ्यासमोर तिनं कधी दात विचकले नव्हते. मी खाली बसले, तिचं डोकं छातीशी ओढलं आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "माह्या पोटात मांजर बोलते वं, आयक बरं."

नाहिदचा हात थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायला लागली. "काकू, तुमच्या पोटात कोणतंच मांजर नोतं. मले तवाच मालूम होतं."

"मंग कान काहून लावत होती?"

"बरं वाटे," ती म्हणाली, आणि झिपरीला टोचलंसुद्धा.

पिल्लांना तिनं पिसाळण्याची लस तर दिलीच, वर हगवणीची वेगळी दिली. बजावलं, की ही एकदा देऊन भागत नाही, तीन आठवड्यांनी परत, मग आणखी एकदा, आणि पिसाळण्याचीही मोठं झाल्यावर परत. मला हे समजवावं लागत नाही. पोरांचे डोस चुकवणाऱ्या आयांच्या मागे मी तीस वर्षं चपला झिजवल्या आहेत. पाच पिल्लांच्या पाच कपाळांना पुंडलिकरावांनी पाच टिळे लावले, आणि झिपरीनं ते सगळे चाटून टाकले.

दिवस मावळायला आला तोवर गावात टिळ्याशिवाय एकच कुत्रा उरला होता. भुऱ्या.

भुऱ्या नाल्यापाशी राहायचा. कुणाच्या दारात जात नाही, कुणाच्या हातचं खात नाही, माणूस दिसला की झुडपात. नाहिदनं नाल्यावर दोन चकरा मारल्या, भाकर ठेवून पाहिली, तो लांबूनच बघत राहिला. जलालभाई मासे धरायचं जाळं घेऊन आले, तर नाहिदच नको म्हणाली. घाबरलेलं कुत्रं जाळ्यात जीव देईल, म्हणाली. रस्त्यात माणसं जमली. घनश्याम आपल्या दारात उभा होता. त्यानं विचारलं, "भुऱ्या राह्यला ना?"

दिवसभराचं सगळं काम त्या एका कुत्र्यापाशी येऊन अडलं होतं. सोमवारचे लाडू भुऱ्याला शोधत नाल्यावर जाणार नव्हते, ते रस्त्यात पडणार होते, आणि गेरूचा टिळा बघून विष काही मागे फिरत नाही. माझ्या ओट्यावर पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती.

तेव्हा मी ते बोलले. खरं तर मी कधी बोलणार नव्हते, कारण काही गोष्टी समोरच्या घरातल्या माणसानं पाहून न पाहिल्यासारख्या करायच्या असतात.

"भुऱ्याले बी दार हाये," मी म्हटलं. "तुह्यं हाये, घनश्याम."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मायला, पार्बताबाईला, जाऊन दोन वर्षं होत आली. ती होती तोवर भुऱ्या रोज दिवेलागणीला त्या दारात यायचा. तिचा आवाजच तसा होता, बारीक, लांब ओढलेला, पार नाल्यापर्यंत पोचायचा. ती गेल्यावर दारात कुणी भाकर टाकली नाही. तरी भुऱ्या अजून येतो. रोज नाही, पण येतो. रस्त्याच्या पलीकडे, बाभळीखाली बसतो, त्या दाराकडे बघतो आणि निघून जातो. अलीकडे घनश्याम त्याला दगड मारायचा. मी माझ्या ओट्यावरून सगळं बघत आले आहे.

"मायसारखा आवाज दे," मी म्हटलं. "तुह्याच आवाजावर येईन तो. दुसऱ्या कोणाच्या नाई."

"काकू, मले नाई जमत," तो म्हणाला. त्याचा हात आपोआप पोटरीकडे गेला होता. "मले कुत्रं जवळ आलं का घाम फुटते."

नाहिद त्याच्याजवळ गेली. त्याची टिंगल केली नाही, उपदेशही केला नाही. "मले लहानपणी सुईचा असाच घाम फुटे, भाऊ," ती म्हणाली. "मी तुमच्या बाजूलेच बसते. तुम्ही फक्त डोक्यावर हात ठेवा. तो चावन तर आधी माह्या हाताले चावन."

घनश्याम आत गेला आणि ताटलीत ताक-भाकर कालवून घेऊन आला. उंबऱ्यावर बसला. नाहिद दाराच्या आड बसली. आम्ही सगळे मागे सरलो, पुंडलिकरावांना मी फेट्याला धरून मागे ओढलं.

घनश्यामनं आवाज दिला. पहिल्यांदा नुसता घोगरा निघाला. कुणीतरी हसलं, आणि जलालभाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की हसणं तिथंच थांबलं. घनश्यामनं घसा खाकरला, डोळे मिटले आणि दुसऱ्यांदा दिला. बारीक, लांब ओढलेला, थेट पार्बताबाईचा. "येऽऽ भुरूऽऽ, ये रे माह्या राजाऽऽ." मिशीवाल्या बाप्याच्या तोंडून आईचा आवाज. रस्त्यातल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

बाभळीखालून, कुणाच्या नकळत येऊन बसलेला भुऱ्या उठला.

तो सरळ आला नाही. दोन पावलं यायचा, थांबायचा, घनश्यामच्या हातांकडे बघायचा, दगड आहे का म्हणून. घनश्यामनं दोन्ही हात उघडे करून पुढे धरले. ते मागे घेतले नाहीत. भुऱ्या पोट जमिनीला लावत रांगत उंबऱ्यापाशी आला, ताटलीकडे बघितलंही नाही, आणि आपलं तोंड घनश्यामच्या मांडीवर ठेवलं. घनश्यामनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नाहिदनं हात पुढे केला, कातडी उचलली, टोचलं आणि हात मागे घेतला. भुऱ्यानं मान वळवूनही पाहिलं नाही.

पुंडलिकरावांना मग कोण धरणार? त्यांनी पुढे होऊन टिळा लावला आणि पोळ्यात म्हणतात तशी झडती जागच्या जागी रचून ठोकली:

"भुऱ्याच्या कपाळी लागला टिळा,
आत्ता खरा भरला आमचा पोळा!"

सगळं गाव ओरडलं. भुऱ्या दचकला, पण घनश्यामच्या मांडीवरून उठला नाही. जलालभाई फक्त लेकीकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, की या गावात नाहिदचा अभिमान सगळ्यात जास्त मला आहे असं जे मी बसमध्ये सांगत असते, ते आता जरा कमी करायला हवं.

घनश्यामनं बायकोला हाक मारून गोठ्यातली विषाची पुडी आणायला लावली. कागदात बांधलेली, वर सुतळी. ती त्यानं नाहिदच्या पुढे ठेवली. "हे घेऊन जा, डॉक्टर," तो म्हणाला. शुक्रवारी जलालची पोरगी होती ती.

माणसं पांगली. नाहिद हात धुवायला नळाकडे गेली, तिथं जलालभाईंनी दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या, एक तिच्यासाठी आणि एक स्वतःसाठी. मी माझ्या ओट्याकडे वळले, तर घनश्याम अजून उंबऱ्यावरच बसला होता. आता कुठं भुऱ्या ताटली चाटत होता.

"काकू," घनश्याम म्हणाला, "मी त्याले दगड मारत होतो. मले वाटे, हा कायले येऊन बसते. माय गेल्यापासून त्याले कोणी आवाजच नाई देला."

"मंग आता देत जाय," मी म्हटलं, आणि झिपरीला भाकर घालायला गेले.